माडीवरचा प्रिंटर

त्या वर्षांत वऱ्हाडाबाहेरचा कोणी भेटला आणि मी अमरावतीची म्हटलं, की तो आवाज खाली आणून बोलायचा. आमचे जिल्हे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी रोज पेपरच्या पहिल्या पानावर असायचे. आमच्याकडंही लोक ते वाचून बसल्या जागी गप्प होत. तरी त्याच वर्षांतली एक गोष्ट आठवली की आजही माझ्या अंगात तरतरी येते. तिचं कारण एक प्रिंटर आहे हे सांगताना थोडं ओशाळल्यासारखं होतं, पण झालं ते असं.

अमरावतीत एका संस्थेची माती आणि पाणी तपासून देणारी प्रयोगशाळा होती. मी परतवाड्याची. बीएस्सी झाले, संगणकाचा कोर्स केला आणि तिथं नोंदी करायच्या कामावर लागले. शेतकरी कापडी पिशवीत माती आणायचे, बाटलीत विहिरीचं पाणी आणायचे. खालच्या मोठ्या खोलीत तपासणी व्हायची आणि तिथल्याच तीन संगणकांवर आम्ही आकडे भरायचो. प्रिंटर मात्र एकच, आणि तो माडीवर, संस्थेची पत्रं टाइप करणाऱ्या स्टेनोकाकांच्या संगणकाला जोडलेला. मधे एकवीस पायऱ्या. अहवाल तयार झाला की तो फ्लॉपीवर घ्यायचा, जिना चढायचा, स्टेनोकाकांची परवानगी मागायची, त्यांचं पत्र टाइप होईपर्यंत उभं राहायचं, मग फ्लॉपी त्यांच्या संगणकात घालायची आणि देवाचं नाव घ्यायचं. कारण फ्लॉपी उघडेलच असं नव्हतं. आमच्याकडं सगळीकडं मातीच माती. टेबलावर माती, नखांत माती. फ्लॉपीच्या पोटातही ती जायचीच.

त्यात लोडशेडिंग. लाइन सकाळी जायची, दुपारी जायची, कधी वेळापत्रकाप्रमाणे तर कधी तिच्या मर्जीप्रमाणे. संगणक बॅटरीवर थोडा वेळ तग धरायचे, पण तो जुना सुयांचा लांबलचक प्रिंटर बॅटरीवर घेतला की सगळंच बसायचं. त्यामुळं लाइन आली की आम्ही तिघं-चौघं हातात फ्लॉप्या घेऊन जिन्यावर धावायचो आणि वर खोलीच्या दारात रांग लावायचो.

स्टेनोकाकांबद्दल सांगायला हवं. वय पन्नाशीच्या पुढं, पांढरा शुभ्र सदरा, खिशात दोन पेनं. टाइपिंग इतकं सफाईदार की बोटं दिसायची नाहीत. पण माणूस तुटक. प्रिंटर त्यांच्या हाती म्हणजे किल्ली त्यांच्या हाती, आणि किल्ली हातात असलेल्या माणसासारखेच ते वागायचे. जेवणाच्या सुटीत संगणक बंद. संध्याकाळी घड्याळात ठोका पडायच्या आत बंद. "उद्या येजो," एवढंच बोलायचे आणि पिशवी उचलून चालायला लागायचे. कुठं जातात, घरी कोण आहे, कोणाला माहीत नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

एप्रिलमधली गोष्ट. दर्यापूरकडची एक बाई पाण्याचा अहवाल न्यायला तिसऱ्यांदा आली. तो सगळा खारपाणपट्टा; विहिरीला पाणी असतं, पण ते तोंडात धरवत नाही. बाईचं कुटुंब फुलं आणि भाजीपाला करणारं. तिनं थोड्या जागेत गुलाब लावला होता आणि तो पानांच्या कडेकडेनं करपत होता. पहिल्यांदा ती आली तेव्हा लाइन नव्हती. दुसऱ्यांदा आली तेव्हा स्टेनोकाका रजेवर होते. तिसऱ्यांदा मी तिला बाकावर बसवलं, "दोन मिनिटांत आणते मावशी," म्हणून वर धावले, आणि फ्लॉपी उघडेना. परत खाली. दुसरी फ्लॉपी घेतली. वर पोचले आणि लाइन गेली.

मी रिकाम्या हातानं खाली आले. ती पदरानं घाम पुसत बसली होती. रागावली नाही. मला म्हणाली, "बाई, पानी माह्या विहिरीचं हाये. ते दोन घंट्यात दर्यापुराहून अमरावतीले येते. अन् तुमच्या माडीवरचा कागद खाली येत नाई. मधात जिना हाये का डोंगर हाये?"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले. तिच्या जीपची वेळ झाली होती. "सोमवारी येतो," म्हणाली आणि गेली.

त्या दुपारी मी आमच्या प्रमुख मॅडमच्या खोलीत शिरले. मॅडम रसायनशास्त्राच्या, कामाला वाघ, पण संगणक म्हणजे त्यांच्या लेखी टाइपरायटरचा महागडा भाऊ. मी म्हटलं, "मॅडम, सगळे संगणक तारेनं एकमेकांना जोडले तर खालूनच वरच्या प्रिंटरवर छापता येतं. कोर्समध्ये शिकवलं होतं."

"तू कधी केलंय?"

"नाही. फळ्यावर काढून दाखवलं होतं."

त्या चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिल्या. "आणि बिघडलं तर?"

"फ्लॉप्या आहेतच."

"सोमवारपर्यंत कर," त्या म्हणाल्या. सोमवार का, ते मी विचारलं नाही. त्यांच्या खोलीची खिडकी बाकाच्या डोक्यावर उघडत होती.

फळ्यावरची आकृती आणि खरी तार यांत केवढं अंतर आहे ते मला त्याच संध्याकाळी कळलं. मदतीला सापडले चाचा. चाचा म्हणजे आमचे टाइपरायटर दुरुस्त करणारे. गांधी चौकाच्या मागं त्यांचं बोळासारखं दुकान होतं. टाइपरायटरचं काम आटत चाललं तसं त्यांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी संगणकाचे भाग खोलून बघायला सुरुवात केली होती. भिंतीवर जुन्या अक्षरखुंट्यांच्या माळा आणि खाली मांडीवर उघडलेला संगणक, असं ते दृश्य असायचं.

"तार टाकनं माह्याकडं," चाचा म्हणाले. "मशिदीतल्या भोंग्याची, लग्नाच्या मांडवाची, सगळ्या तारा मी ओढल्या. पर बेटा, उसके बाद कम्प्यूटर को क्या बोलना है, वो तेरे को आना चाहिए."

"मलाही पक्कं येत नाही चाचा."

"तो फिर दोनों मिलके बिगाडेंगे," ते म्हणाले आणि इतके खुशीत हसले की माझी भीती अर्धी झाली.

शुक्रवारी चाचा शिडी घेऊन आले. माडीच्या खिडकीतून तार बाहेर काढली, पावसाच्या पाइपला बांधत खाली आणली, जाळीतून आत घेतली. स्टेनोकाका टेबलाशी बसून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे आता कोनीबी खालून बटन दाबन अन् माह्या टेबलावर कागद निंगन?"

"हो काका."

"मले न इचारता?"

मी म्हटलं, "तुम्हाला उठायला नको, काका. आमच्या फ्लॉप्या नकोत, रांग नको."

त्यांनी टेबलावरचे कागद आवरून घेतले. पण चाचांनी त्यांचा संगणक मागं वळवायला हात लावला तेव्हा म्हणाले, "हळू. दोन वर्सं झाली, त्याच्यावर धूळ बसू देल्ली नाई म्या." आणि ते खरंच होतं. साऱ्या इमारतीत धूळ नसलेली तेवढीच एक वस्तू होती.

तारेच्या टोकाला पारदर्शक टोपण बसवायचं असतं. आत आठ बारीक तारा, प्रत्येकीचा रंग वेगळा: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि त्यांच्या चार पांढऱ्या पट्टेवाल्या जोडीदारणी. त्या ठरलेल्या क्रमानं ओळीत लावायच्या आणि चिमट्यानं दाबायच्या. दोन्ही टोकांना क्रम तोच. चाचांची बोटं अशा कामासाठीच घडली होती. टक्, टक्, एकेक टोपण बसत गेलं. मधे एक छोटी पेटी होती, सगळ्या तारा तिच्यात येणार होत्या. तार लागली की पेटीवर दिवा लागायला हवा.

खालच्या दोन संगणकांचे दिवे लागले. तिसऱ्याचा नाही, आणि मुख्य म्हणजे माडीवरचा नाही.

चाचांनी टोपण कापलं, पुन्हा बसवलं. दिवा नाही. पुन्हा कापलं. दिवा नाही. शनिवारचा अख्खा दिवस त्यात गेला. तार तुटली असेल म्हणून आम्ही पाइपावरून सगळी सोडवली, हातानं चाचपली, पुन्हा बांधली. टोपणं संपत आली. चहा आला तो गार झाला.

मग मी टाकून दिलेलं एक टोपण उचलून उजेडात धरलं. हिरव्या तारेच्या जागी तपकिरी होती. दुसरं उचललं. त्यात त्यांच्या पट्टेवाल्या जोडीदारणींची अदलाबदल. ज्या दोन तारा चालल्या होत्या त्याही आता वाटतं नशिबानंच चालल्या असाव्यात.

मी ती चाचांना दाखवली. त्यांनी टोपण हातात घेतलं, जवळ धरलं, लांब धरलं. मग खोलीत दुसरं कोणी नाही असं बघून म्हणाले, "बेटा, एक बात बोलू? हिरवा अन् भुरा मले एकच दिसते. लहानपनापासून. टाइपरायटरात रंगाचं काम पडत नाई ना, त्याच्यानं कोनाले मालूम नाई. बीबीलेही नाई."

माझ्या तोंडून एकदम निघालं, "चाचा, मग रंग मी लावते, दाबा तुम्ही!"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांची काहीतरी मोठी अडचण फुकटात सोडवली. आम्ही जमिनीवर समोरासमोर बसलो. मी आठ तारा ओळीत धरायची, म्हणायची "घ्या", आणि ते दाबायचे. आधी तिसऱ्या संगणकाचा दिवा लागला, मग दहा मिनिटांत माडीच्या तारेची दोन्ही टोकं झाली. चाचा जिना चढून गेले, वरून ओरडले, "लावली!" आणि माझ्यासमोरच्या पेटीवर चौथा दिवा लागला. लुकलुकायला लागला. मी इतक्या जोरात "लागला!" म्हणून किंचाळले की प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याच्या हातून चंचुपात्र निसटता निसटता राहिलं.

पुढचं काम माझं. प्रत्येक संगणकाला नाव द्यावं लागतं. आम्ही पिकांची दिली: तूर, मूग, ज्वारी. स्टेनोकाकांना विचारलं, तुमच्या संगणकाला काय? त्यांना वाटलं आम्ही थट्टा करतोय. मग म्हणाले, "कापूस. काई झालं तरी कापूसच." मी इंग्रजी अक्षरांत KAPUS लिहिलं, प्रिंटर सगळ्यांना खुला केला आणि धावत खाली आले. पडद्यावर एक चित्र असायचं, त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'शेजार' असा होता. ते उघडलं. आधी नुसती पांढरी खिडकी. मग एकेक करून तूर आली, मूग आला, ज्वारी आली. सगळ्यात शेवटी कापूस आला आणि त्याच्या पोटात आमचा प्रिंटर.

त्या वेळेपर्यंत सगळे माझ्या खुर्चीमागं जमले होते. मॅडमसुद्धा. मी दर्यापूरच्या बाईचा अहवाल उघडला. बटण दाबलं. काहीच झालं नाही. कोणीतरी म्हणालं, "नाई होत वाट्टे." मॅडमनी त्याला हातानं गप्प केलं. पंखा बंद करून आम्ही सगळे छताकडं बघत उभे राहिलो.

आणि वरून आलं ते: करर्र, करर्र, करर्र. तो सुयांचा, दात शिवशिवणारा आवाज, ज्याला आम्ही इतके दिवस शिव्या दिल्या होत्या. मी काही न करता, खाली उभी असताना, तो वर चालला होता! आम्ही सगळे जिन्यावरून असे पळालो की मधे कोण कोणाच्या पायावर पडलं कळलं नाही. वर स्टेनोकाका खुर्चीतून उठून प्रिंटरपासून दोन हात लांब उभे होते. कागद त्याचा तोच सरकत बाहेर येत होता.

"बाप्पा," ते म्हणाले. "मी हातही नाई लावला."

चाचांनी तो कागद फाडून आधी मॅडमच्या हातात दिला.

सोमवारी बाई आली. लाइनही होती. अहवाल तयारच होता, तरी मी मुद्दाम तिच्यासमोर बटण दाबून दुसरी प्रत काढली. तिला तो आवाज ऐकवायचा होता. मॅडमनी स्वतः तिला वाचून सांगितलं: पाण्यात क्षार फार आहे, गुलाबाला हे पाणी चालणार नाही, झेंडू चालून जाईल, आणि शेतात पावसाचं पाणी अडवून ते वेगळं ठेवलं तर थोडा गुलाबही जगेल.

मला वाटलं, वाईट बातमी आहे, ही खचेल. ती कागदावर बोट ठेवून विचारत होती, "म्हंजे पान्याचं हाये? हाताचं नाई?"

"हाताचं कसं असेल?"

"तीन वर्सं झाली, घरी म्हनून राहिले का हिच्या हाताले यश नाई. हिनं लावलं का करपते." तिनं घडी घालून दोन्ही प्रती पोलक्यात खोचल्या. "एक घरी वाचून दाखवतो. एक देवापाशी ठेवतो." मग मला म्हणाली, "तुमचा डोंगर फुटला म्हनायचा."

ते दिवस असे होते की कामावर जायची मला घाई व्हायची. परतवाड्याला घरी गेले की मी आईला तारांचे रंग सांगत बसायची. आई म्हणायची, "तुले लगीन सांगितलं तं जांभया देते, अन् तारेचं सांगतानी डोये चमकते!"

पण एक गोष्ट मी विचारात घेतली नव्हती. प्रिंटर सगळ्यांचा झाला तरी तो जोडलेला होता स्टेनोकाकांच्याच संगणकाला. त्यांनी तो बंद केला की सगळ्यांचा प्रिंटर बंद. जेवणाच्या सुटीत ते सवयीनं बंद करायचे आणि खाली आमचे अहवाल लटकायचे. मी दोनदा सांगितलं, ते "बरं" म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट झाली. छपाईची रांग पडद्यावर सगळ्यांना दिसते. कोणत्या संगणकावरून कोणत्या नावाचा कागद येतोय ते त्यात लिहिलेलं असतं. एका सकाळी आमचे अहवाल अडकले म्हणून मी रांग उघडली. सगळ्यात वर कापसाकडून एक कागद होता. नाव: BADLI ARJ AKOLA 7. माझ्या मागं उभ्या एकानं ते मोठ्यानं वाचलं. "सातवा अर्ज! काका अकोल्याले पळून राहिले का?" सगळे हसले. जिन्याचं दार उघडं होतं. आवाज वर गेला असणार.

दुपारी पेटीवरचा चौथा दिवा विझला. मी वर गेले. स्टेनोकाकांनी तार काढून टेबलाच्या कडेवरून खाली सोडली होती.

"मले वाटलंच होतं," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता टाइप करत होते. "तुमी म्हनलं फक्त कागद निंगते. आता माह्या घरच्या गोष्टी तुमच्या खाली वाचून राहिले."

मी त्यांच्या टेबलाशेजारी बसले. खरं ते सांगितलं. आतलं काही दिसत नाही, फक्त नाव दिसतं. नाव दिसतं हे मला माहीत होतं, पण ते कोणाचं काही उघडं पाडेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. "चूक माझी आहे, काका. मी आधी सांगायला पाहिजे होतं."

त्यांची बोटं थांबली. मग त्यांनी सांगितलं. बायको अकोल्याला शाळेत शिक्षिका. तिची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं ती अकोला सोडू शकत नाही. सहा-सात वर्षांपूर्वी संस्थेची एक छोटी प्रयोगशाळा अकोल्यात निघाली, तेव्हापासून तिथं बदली मिळावी म्हणून ते दर वर्षी अर्ज करतात. तोवर रोज पहाटे उठून गाडीनं बडनेरा, तिथून ऑटोनं इथं, आणि संध्याकाळी तसंच परत. "सांजच्या पाचले खुर्चीतून उठलो नाई तं गाडी सुटते. मंग घरी पोचतो तवा बायको झोपेल राह्यते. अकरा वर्सं झाली."

अकरा वर्षं. आणि आम्ही त्यांना घड्याळबाबू म्हणत होतो.

मी म्हटलं, "काका, कागदाला दुसरं नाव द्यायचं. मी दाखवते. 'पत्र एक', 'पत्र दोन'. कोणाला काही कळणार नाही." त्यांनी ते करून बघितलं. शिवाय संगणक चालू ठेवून पडदा तेवढा कुलूपबंद कसा करायचा तेही मी दाखवलं, म्हणजे ते जेवायला गेले तरी आमचं काम अडू नये आणि त्यांचं कोणी बघू नये. त्यांनी स्वतःच परवलीचा शब्द टाकला, मला तोंड फिरवायला लावून. मग वाकून तार उचलली आणि जागेवर खोचली.

खाली येऊन मी हसणाऱ्यांना काही सांगितलं नाही. त्यांची गोष्ट, त्यांनी सांगावी. पण काय झालं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून काका बदलले. छापलेले कागद न्यायला आम्हाला वर यावंच लागायचं, ते त्यांना बघवेना. त्यांनी जिन्याच्या मधल्या पोकळीतून एक दोरी सोडली, तिला वेताची टोपली बांधली आणि अहवाल निघाला की तो टोपलीत घालून खाली सोडायला लागले. टोपली हलली की बाकावरचे शेतकरी माना वर करायचे. "तिवसा! दोन!" असं गावाचं नाव आणि अहवालांचा आकडा काका वरून ओरडायचे. बाजाराचा भाव पुकारावा तसं.

जूनच्या तोंडावर आमची खरी परीक्षा झाली. तिवसा तालुक्यातल्या काही गावांत मातीचं शिबिर झालं होतं, दोनशेच्या वर नमुने. पेरणीआधी गावात नेऊन अहवाल वाटायचे होते. जीप दुपारी तीनला निघणार होती, लाइन अकराला आली. तूर, मूग, ज्वारी तिन्हीकडून अहवाल सुटले. रांग इतकी लांब की पडद्यावर मावेना. काका वर सदऱ्याच्या बाह्या सरसावून उभे, कागदाची घडी सरळ करतायत, टोपली सोडतायत, ओढतायत. मॅडम खाली बसून सह्या करतायत. मी गावानुसार गठ्ठे लावतेय.

अर्धे झाल्यावर अक्षरं फिकी पडायला लागली. प्रिंटरची शाईची फीत वाळली होती. नवी अमरावतीत त्या दिवशी कुठंच मिळेना. मी चाचांना फोन केला. ते मोपेडवरून आले, खिशात शिक्क्याच्या शाईची बाटली. फीत बाहेर काढली, थेंब थेंब शाई सोडत बोटांनी गुंडाळत नेली, परत बसवली. "ये तो मेरे घर का काम है," ते म्हणाले. हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते. प्रिंटर सुरू झाला तो असा गडद छापायला लागला की पहिल्या कागदावर मॅडमची सहीच फिकी दिसली.

तीनला दहा मिनिटं असताना शेवटची टोपली खाली आली. जीपवाला हॉर्न वाजवत होता. आम्ही गठ्ठे मागच्या सीटवर चढवले. काका माडीच्या खिडकीतून अर्धे बाहेर वाकून ओरडत होते, "मोजून घेजो व! एकही राहू देजो नको!" मी जीपबरोबर गेले. गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात नाव पुकारून मी कागद देत होते आणि माणसं पुढं येऊन दोन्ही हातांनी घेत होती. एका म्हाताऱ्यानं त्याचा कागद उलटासुलटा करून विचारलं, "हे माह्याच वावराचं हाये ना? नाव बरोबर हाये ना?" मी वाचून दाखवलं. तो शेजाऱ्याला म्हणाला, "पाय, माह्या मातीत काय काय हाये!" त्या वर्षी असं अभिमानानं आपल्या मातीबद्दल बोलताना मी दुसऱ्या कोणाला ऐकलं नव्हतं.

दिवाळीनंतर सातव्या अर्जाला यश आलं. काकांची बदली अकोल्याला झाली. ते पेढे घेऊन स्वतः खाली आले आणि सगळ्यांना सांगितलं, बायकोचं, सासूचं, अकरा वर्षांच्या गाडीचं. जो मोठ्यानं हसला होता त्याच्या हातात पेढा तसाच राहिला.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. "इथंही एकच प्रिंटर हाये, अन् तोही कुलपात. तू अन् चाचा येता का?"

आम्ही रविवार बघून निघालो. चाचांनी तारेचं वेटोळं खांद्यावर घेतलं होतं, चिमटा खिशात. मूर्तिजापूर येईपर्यंत ते मला विचारत होते, तिथं खिडकी कोणत्या बाजूला असेल. अकोल्याच्या प्रयोगशाळेत पोचलो तर काका दारातच उभे. आत गेलो. भिंतीच्या कडेनं तार सरळ रेषेत खिळे मारून बसवलेली. पेटी. पेटीवर तीन दिवे, तिन्ही लुकलुकत होते.

"कोणी केलं?" मी विचारलं.

"मी." ते सदऱ्याची बाही चोळत होते. "तुमच्यासंग बोलून फोन ठेवला अन् वाटलं, आधी आपन करून पाहू. चार टोपनं वाया गेली. पन झालं. आता तुमी तपासून पाहा."

चाचा गुडघ्यावर बसले, टोपण डोळ्याजवळ नेलं आणि मला हाक मारली, "बेटा, तू देख." मी बघितलं. सगळे रंग जागच्या जागी होते. मी उठून बटण दाबलं, पलीकडच्या खोलीत प्रिंटर सुरू झाला, आणि काका ताठ उभे राहून आमच्या तोंडाकडं बघत राहिले. चाचांनी त्यांना मिठीच मारली.

तेवढ्यात त्यांच्या मिसेस डबा घेऊन आल्या, तिघांना पुरेल एवढी भाकरी आणि भरली वांगी. जेवताना मला म्हणाल्या, "आता हे सहाच्या आत घरी असतात. अन् सारखं सांगत असतात, भाजी अशी चिर, डबा असा ठेव. मले सवय नाई ना बाई!" काका खाली मान घालून हसत होते. मग त्यांनी आम्हाला अकोल्याचा सगळा बाजार फिरवला, आणि संध्याकाळची गाडी आमच्या डोळ्यांदेखत सुटली. आम्ही एसटीनं आलो. चाचा सीटवर झोपले. मी रस्ताभर जागी होते आणि मॅडमना उद्या हे कुठून सांगायला सुरुवात करावी, याचीच जुळवाजुळव करत होते.